सात संगणक, सात वेळा: घड्याळं एकत्र कशी ठेवायची

तुमची अडचण मला अशी समजली. ऑफिसात सात लिनक्स मशिनं आहेत, त्यांतलं एक व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने चालवलेलं. इंटरनेट फक्त एकाला आहे आणि बाकीची सहा त्याच्याकडून वेळ घेतात. रोज रात्री बारा वाजता प्रत्येकावर क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, एनटीपीडेट हे घड्याळ एकदाच जुळवून देणारं साधन चालतं. तरीही दुपारी लॉग (मशिनांनी वेळेसह केलेल्या नोंदी) शेजारी-शेजारी ठेवून वाचायला घेतले की एका मशीनवर विनंती पोचल्याची नोंद, दुसऱ्यावर ती पाठवल्याच्या नोंदीच्याही आधीची निघते. व्हर्च्युअल मशीन अधूनमधून चार-पाच मिनिटं मागे सापडतं. एक जुनं मशीन वीज जाऊन आली की काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवत उठतं. आणि तुम्ही विचारलंय की एनटीपीडेट दिवसातून एकदा चालवण्याऐवजी दर पाच मिनिटांनी चालवलं तर हे मिटेल का.

मिटल्यासारखं दिसेल, पण तो रस्ता धरू नका. कारण सांगायला थोडा वेळ लागेल. ते एकदा नीट बसलं की कॉन्फिग फाइलमधली प्रत्येक ओळ तिथे का आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल, म्हणून सावकाश सांगतो.

घड्याळ किती वेळा लावायचं, असा तुमचा प्रश्न आहे. पण मूळ भानगड घड्याळाच्या चालीत आहे. संगणकात वेळ राखतो तो क्वार्ट्झचा स्फटिक. मशीन बंद असताना मदरबोर्डवरचा एक छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपनांच्या हिशेबाने, बॅटरीवर, वेळ राखत बसतो. मशीन चालू झालं की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्याकडून एकदाच वेळ विचारून घेते आणि पुढे दुसऱ्या, कितीतरी वेगवान स्फटिकाचे ठोके मोजत स्वतःचं घड्याळ चालवते. दोन्ही स्फटिक स्वस्तातले. त्यांची चूक दशलक्षात किती भाग अशी मोजतात आणि त्याला पीपीएम म्हणतात. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. ऐकायला काहीच नाही, पण ५० पीपीएम चुकणारं घड्याळ दिवसाला चार सेकंदांहून जास्त वाहवत जातं, आणि एवढी चूक अगदी नेहमीची आहे.

आता तुमच्या ऑफिसात हे बसवून बघा. समजा एक मशीन दिवसाला तीन सेकंद पुढे धावतं आणि दुसरं दोन सेकंद मागे रेंगाळतं. रात्री बाराला दोघांना एका रेषेत उभं केलं. दुपारी बाराला त्यांच्यात अडीच सेकंदांचं अंतर पडलेलं असणार. नेटवर्कवर विनंती पोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही, त्यामुळे लॉगमध्ये उत्तर प्रश्नाआधी आलेलं दिसतं. तुमचं एनटीपीडेट बिघडलेलं नाही. ते सांगितलेलं काम रोज रात्री करतं, आणि पुढच्याच सेकंदापासून घड्याळं पुन्हा आपापल्या वाटेला लागतात.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी की ही चूक बरीचशी ठरलेली असते. आज दिवसाला चार सेकंद पुढे जाणारं घड्याळ उद्याही जवळजवळ चारच सेकंद पुढे जाणार. तापमानाने थोडा फरक पडतो. बॅटरीवरचा तो छोटा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका चालतो आणि त्याहून गरम किंवा गार झाला तरी मागेच पडतो. २० अंशांच्या फरकाला दिवसाला साधारण १.२ सेकंद. पण तापमानही काही झटक्यात बदलत नाही. म्हणजे चूक मोजता येते, आणि मोजता आली तर तेवढी चाल उलट्या बाजूने कमी-जास्त करून ठेवता येते. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायचा प्रोटोकॉल, संगणकांनी पाळायचे ठरलेले नियम. त्याची खरी सेवा हेच करते. ती सतत चालू राहते, ठरावीक अंतराने बाहेरची वेळ विचारते, आपलं घड्याळ किती पीपीएमने चुकतंय याचा अंदाज पक्का करत नेते आणि तो आकडा ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवते. मग मधल्या काळात नेटवर्क तुटलं तरी घड्याळ सुधारलेल्या चालीने चालत राहतं. एनटीपीडेट यातलं काहीच शिकत नाही. कालचा त्याला पत्ता नसतो, त्यामुळे रोज तीच चूक ते नव्याने दुरुस्त करतं.

दर पाच मिनिटांनी चालवलं तर? ५० पीपीएमच्या हिशेबाने पाच मिनिटांत चूक १५ मिलिसेकंदांची होते. आकडा चांगला आहे हे मान्य करतो, आणि म्हणूनच बरेच जण या उपायावर थांबतात. फरक अर्ध्या सेकंदाहून कमी असेल तर एनटीपीडेट घड्याळ हळूहळू सरकवतं, हेही खरं. त्रास होतो तो त्याहून मोठा फरक निघाला की. तेव्हा ते घड्याळ सरळ उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवतं, पुढे किंवा मागे. समोरचा सर्व्हर काही कारणाने चुकला असेल तरी आज्ञाधारकपणे त्याच्यामागे जातं, कारण कालपर्यंत काय होतं हे त्याला ठाऊकच नाही. शिवाय हे साधन आता जुनं झालंय आणि त्याच्या कर्त्यांनीच ते मोडीत काढायचं ठरवलेलं आहे.

घड्याळ मागे उचलून ठेवलं की काय होतं ते मी एका ठिकाणी अनुभवलंय. तिथे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याची वेळापत्रक राखणारी यंत्रणा स्वतःची होती, आणि रात्री ठीक बाराला ते दिवस बंद करून बेरजा पुढे ओढायचं. मशीनचं घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे धावायचं. आधीच्या माणसाने एनटीपीडेटही ठीक बारालाच लावलेलं. मशीनच्या घड्याळात बारा वाजले, दिवस बंद झाला, लगेच एनटीपीडेटने घड्याळ ११:५९:५६ वर मागे नेलं, आणि चार सेकंदांनी पुन्हा बारा वाजले. दिवस दुसऱ्यांदा बंद झाला. दोन आठवडे लोक बेरजांमध्ये चूक शोधत होते. मी लॉगमध्ये ११:५९:५८ ही वेळ एकाच रात्रीत दोनदा आलेली पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसापासून, ज्या मशीनवर कामाचं काही चालतं तिथे चालू घड्याळ मागे उचलून ठेवायचं नाही, हा नियम मी मोडलेला नाही. एक अपवाद आहे, तो व्हर्च्युअल मशीनपाशी सांगतो.

आता सेवा वेळ विचारते म्हणजे नेमकं काय करते ते बघू. पॅकेटला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशाला, जायला-यायला वेळ लागतो, मग मिळालेली वेळ शिळी नसते का? डेव्हिड मिल्स यांनी यावर काढलेली युक्ती इतकी साधी आहे की मला ती अजून आवडते. ते डेलावेअर विद्यापीठात शिकवत, १९८५ साली त्यांनी या प्रोटोकॉलचं पहिलं रूप लिहून काढलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. युक्ती अशी की दोन घड्याळांवर मिळून चार वेळा टिपायच्या: मी विचारलं ती माझी वेळ, सर्व्हरला मिळालं ती त्याची वेळ, त्याने उत्तर पाठवलं ती त्याची वेळ, मला मिळालं ती माझी वेळ.

उदाहरण घेऊ. माझ्या घड्याळात ० मिलिसेकंद असताना विचारलं. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा पोचलं ते २५० ला, उत्तर निघालं २५१ ला. मला मिळालं तेव्हा माझ्या घड्याळात ४१ होते. माझ्या बाजूने एकूण ४१ गेले, त्यातला १ सर्व्हरने स्वतःकडे घालवला, म्हणजे प्रवासात ४०. जाताना २० आणि येताना २० असं धरलं तर सर्व्हरला पोचलं तेव्हा माझ्या घड्याळात २० असणार आणि त्याच्याकडे २५० होते. म्हणजे मी २३० मिलिसेकंद मागे आहे. चार आकडे, एक बेरीज-वजाबाकी, झालं.

यातली मेख "जाताना २० आणि येताना २०" या गृहीतात आहे. प्रत्यक्षात जाताना ३५ आणि येताना ५ लागले असतील तर खरा फरक २१५ निघतो, २३० नाही. आणि टिपलेल्या चार आकड्यांत हे कुठेही दिसत नाही. दोन्ही परिस्थितींत आकडे अगदी तेच येतात. एवढंच नक्की सांगता येतं की चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त असणार नाही, इथे २० मिलिसेकंद. म्हणून जवळचा, कमी प्रवासाचा सर्व्हर लांबच्या नामांकित सर्व्हरपेक्षा बरा. तुमच्या इंटरनेटवर अपलोड तुंबलेला असेल, रात्रीचा बॅकअप बाहेर जात असेल, तर ठीक त्याच वेळी घेतलेली मोजमापं एका बाजूला कलतात. चांगली सेवा शेवटची बरीच मोजमापं जवळ ठेवते आणि ज्यांना कमी वेळ लागला त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवते, कारण कमी वेळ म्हणजे वाटेत रांगेत अडकणं कमी. तुमचं एनटीपीडेट चालायचं तेही रात्री बाराला. बॅकअपही तेव्हाच सुरू होत असेल तर ते नेमकं सर्वांत वाईट क्षणी मोजत होतं.

किती अचूकता हवी, हे मात्र तुमच्या कामावर अवलंबून आहे आणि ते तुम्हीच ठरवायचं. लॉगिनसाठी केरबेरोस वापरत असाल तर त्याला साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. मोबाइलवर येणारे सहा आकडी कोड ३० सेकंदांच्या खिडकीवर चालतात. सातही मशिनांचे लॉग एका क्रमात वाचायचे तर काही मिलिसेकंद हवेत, आणि तुमच्या अंतर्गत नेटवर्कवर साध्या एनटीपीने ते सहज मिळतात; बऱ्याचदा मिलिसेकंदाच्याही आत. मायक्रोसेकंदाच्या आतली अचूकता लागते तिथे पीटीपी नावाचा वेगळा प्रोटोकॉल आणि पॅकेटवर स्वतः वेळ टिपणारी नेटवर्क कार्डं लागतात. तुम्ही वर्णन केलेल्या कामाला त्याची गरज नाही, त्यात पैसे घालू नका.

कोणतं सॉफ्टवेअर? मी सगळीकडे क्रोनी ही एनटीपीची सेवा लावतो. जुनं एनटीपीडीही चांगलं आहे, पण ते घड्याळ जास्तीत जास्त ५०० पीपीएमने सरकवतं, म्हणजे एक सेकंद भरून काढायला दोन हजार सेकंद, अर्ध्या तासाहून जास्त. सतत चालू असणाऱ्या सर्व्हरला हे चालतं. झोपणाऱ्या-उठणाऱ्या, नेटवर्क तुटणाऱ्या मशीनला नाही. क्रोनी लवकर शिकतं आणि लवकर सावरतं. सिस्टिमडीसोबत येणारं टाइमसिंकडी एकट्या डेस्कटॉपला पुरतं, पण ते एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकतं, चार जणांत तुलना करत नाही आणि दुसऱ्यांना वेळ देऊ शकत नाही. एका मशीनवर यांतलं एकच चालू ठेवा. दोन सेवा एकाच घड्याळाला दोन बाजूंनी ओढायला लागल्या की दोघींचेही आकडे विचित्र दिसतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. मला अशी मशिनं पुष्कळ वेळा मिळाली आहेत, आणि दर वेळी जुनं क्रॉन काढायचं राहून गेलेलं असतं. म्हणून क्रोनी सुरू करण्याआधी सातही ठिकाणची एनटीपीडेटची ओळ पुसून टाका.

इंटरनेट असलेलं मशीन तुमचा अंतर्गत वेळ-सर्व्हर. त्याच्यावरच्या क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये पूलची एक ओळ द्या. २००३ पासून स्वयंसेवकांच्या सर्व्हरवर चालणारा एनटीपी पूल आहे, आणि क्रोनी त्या एका ओळीतून साधारण चार सर्व्हर निवडून घेतं. ओळीत आयबर्स्ट लिहा, म्हणजे सुरुवातीला भराभर काही पॅकेटं पाठवून सेवा लवकर जागेवर येते. चार का, तर समजा दोनच आहेत आणि त्यांच्यात दोन सेकंदांचा फरक निघाला. खरं कोण बोलतंय? ठरवायला मार्गच नाही. तीन असतील तर दोघांचं जुळतं आणि तिसरा उघडा पडतो. चार असतील तर एखादा बंद पडला तरी ही पंचाईत येत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे टिक आणि टॉक हे दोन सर्व्हर काही काळ २००० हे साल सांगू लागले. वेळेच्या बाबतीत त्याहून विश्वासू नाव शोधायला जाल तर मिळणार नाही. ज्यांनी फक्त त्यांनाच विचारलं त्यांच्यातले काही जण बारा वर्षं मागे गेले आणि त्यांची लॉगिनची यंत्रणा कोसळली. ज्यांनी इतरही दोन-चार जणांना विचारलं होतं, त्यांच्या सेवेने त्या दोघांना खोटं ठरवून बाजूला केलं. स्ट्रॅटमचा आकडाही इथे फसवतो. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर म्हणजे ०, त्याला थेट जोडलेला सर्व्हर १, त्याच्याकडून घेणारा २, असं ते अंतर मोजतात, आणि १६ म्हणजे वेळ जुळलेलीच नाही. आकडा लहान म्हणजे उगमाच्या जवळ, इतकंच. त्या दिवशी चुकलेले दोघेही १ होते.

याच मशीनवर आणखी दोन ओळी लागतील. अलाउच्या ओळीत तुमच्या अंतर्गत नेटवर्कचा पत्ता द्या, म्हणजे बाकीची सहा विचारू शकतील. लोकल स्ट्रॅटम १० अशी ओळ लिहा, म्हणजे इंटरनेट दिवसभर गेलं तरी हे मशीन आपल्या शिकलेल्या चालीवर वेळ देत राहील आणि सहाही त्याच्याभोवती एकत्र राहतील. तुमच्या लॉगच्या दृष्टीने सातांचं एकमेकांशी जुळणं, जगाशी जुळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३ आतल्या बाजूने उघडा, बाहेरून आत येणाऱ्या विनंत्यांना नाही. २०१३-१४ मध्ये बाहेरून उघडे राहिलेले जुने एनटीपी सर्व्हर वापरून मोठमोठे हल्ले झाले: छोट्या विनंतीला मोठं उत्तर देणारी एक आज्ञा होती, आणि विनंतीवर खोटा परतीचा पत्ता घातला की ते सगळं उत्तर तिसऱ्याच्याच अंगावर कोसळायचं.

बाकी सहांच्या फाइलमध्ये फक्त या अंतर्गत सर्व्हरची ओळ. हो, म्हणजे त्यांना एकच उगम, आणि आत्ताच मी चार हवेत म्हणालो. इथे परिस्थिती वेगळी आहे. तुमच्याकडे बाहेर जाणारं एकच मशीन आहे, त्याने स्वतः चार जणांना विचारून खातरजमा केलेली आहे, आणि ते चुकलं तरी सातही एकसारखे चुकतील. पुढे कधी बाहेरची वाट आणखी मशिनांना मिळाली तर एकावरून थेट तीनावर जा. दोनावर थांबलात तर वरचीच पंचाईत ऑफिसातही येईल.

सातही ठिकाणी मेकस्टेपची ओळ बघा. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ती "मेकस्टेप १.० ३" अशी आलेली असते: सेवा सुरू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून मोठा निघाला तर घड्याळ उचलून ठेव, नंतर मात्र फक्त सरकव. मला हे अगदी योग्य वाटतं. मशीन उठताना, बाकीची कामं सुरू व्हायच्या आत, एकदाच काय ती उडी. मग दिवसभर नुसतं हळूच सरकणं. आरटीसीसिंक ही ओळही असू द्या. तिच्यामुळे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, दर अकरा मिनिटांनी बॅटरीवरच्या घड्याळात बरोबर वेळ लिहीत राहतो, आणि पुढच्या वेळी मशीन उठताना जवळपास बरोबर उठतं.

यावरून ते जुनं मशीन. वर्षं मागे जाणारी तारीख म्हणजे मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे, बहुधा सीआर २०३२. ती बदला. एनटीपी हे झाकून नेईल, पण उठल्यापासून वेळ जुळेपर्यंतच्या त्या मिनिटभरात ते मशीन जे काही लिहील त्यावर जुनी तारीख पडेल. त्याहून वाईट म्हणजे तारीख मागची असेल तर सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रं "अजून लागू झालेली नाहीत" म्हणून नाकारली जातात. डीएनएसची सही तपासणारी व्यवस्था असेल तर सर्व्हरच्या नावाचा पत्ताही मिळत नाही, आणि वेळ दुरुस्त करायची तर आधी वेळ बरोबर हवी असा पेच पडतो. म्हणून अंतर्गत सर्व्हर सहाही फाइलींमध्ये नावाने न देता आयपी पत्त्याने द्या. ज्या छोट्या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळच नसतं, तिथे तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

व्हर्च्युअल मशीन हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग. चार-पाच मिनिटं मागे पडणं स्फटिकामुळे शक्य नाही. ५० पीपीएमने तेवढं मागे पडायला दोन महिने लागतील. असं एकदम मागे पडणं म्हणजे ते मशीन कुणीतरी थांबवून पुन्हा सुरू करतंय. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घेताना, बॅकअप घेताना, एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना, किंवा होस्ट झोपी गेला की पाहुणं मशीन, म्हणजे हे व्हर्च्युअल मशीन, जागच्या जागी गोठतं. त्याच्या लेखी मधला काळ झालेलाच नसतो. जागं झालं की ते गोठलं त्याच क्षणापासून पुढे मोजायला लागतं.

इथे "मेकस्टेप १.० ३" कामाचं नाही, कारण त्या तीन दुरुस्त्या केव्हाच संपलेल्या असतात. क्रोनी मग नुसतं सरकवत बसतं. लिनक्सवर त्याची कमाल गती दर बारा सेकंदांना एक सेकंद, म्हणजे पाच मिनिटं भरून काढायला एक तास, आणि त्या तासभर तिथली सगळी वेळ भलत्याच वेगाने धावते. म्हणून फक्त व्हर्च्युअल मशीनवर तीनच्या जागी उणे एक लिहा, म्हणजे केव्हाही मोठा फरक निघाला तर उडी मारायची परवानगी. मी वर म्हटलेला अपवाद हाच. गोठून उठलेलं मशीन नेहमी मागे असतं, त्यामुळे उडी पुढे असते. एकच वेळ दोनदा येण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तरीही त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अचानक पाच मिनिटं पुढे गेलेलं चालतं का, ते तपासून घ्या. डेटाबेस असेल तर बॅकअपच्या आधी तो व्यवस्थित बंद करणं जास्त चांगलं.

होस्टची साधनंही पाहुण्या मशीनचं घड्याळ अधूनमधून जुळवत असतात. ती आणि क्रोनी, दोघांपैकी एकालाच कारभार द्या. मी नियमित जुळवणी बंद करून क्रोनी ठेवतो, कारण मला सातही मशिनांचे आकडे एकाच पद्धतीने वाचायचे असतात. होस्टवर व्हर्च्युअल मशिनं चालवायला केव्हीएम असेल तर होस्टचं घड्याळ थेट पाहुण्याला दाखवणारा पीटीपीचा आभासी डिव्हाइस मिळतो, आणि क्रोनीला तो उगम म्हणून देता येतो. ते उत्तम चालतं, पण होस्ट स्वतः बरोबर वेळेवर असेल तरच.

सगळं लावून झालं की चालतंय का, ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठरवू नका. क्रोनीसी सोर्सेस ही आज्ञा द्या. ज्या ओळीसमोर तारांकन आहे त्या उगमाचं ऐकणं चालू आहे; अधिकचं चिन्ह म्हणजे तोही हिशेबात धरलाय; प्रश्नचिन्ह म्हणजे अजून पोचता आलेलं नाही किंवा पुरेशी मोजमापं नाहीत; एक्स म्हणजे खोटा ठरवलाय. रीच या स्तंभात ३७७ दिसलं पाहिजे. हा आकडा आठच्या पायावर लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलं. शून्यावर अडकला असेल तर फायरवॉल तपासा, दहातल्या नऊ वेळा तिथेच अडलेलं सापडतं.

मग क्रोनीसी ट्रॅकिंग. फ्रीक्वेन्सीच्या ओळीत तुमच्या मशीनची खरी चाल पीपीएममध्ये दिसेल. मी ती प्रत्येक मशीनची वहीत टिपून ठेवतो. वर्षभर उणे १८ च्या आसपास असलेलं मशीन एके दिवशी उणे ६० दाखवायला लागलं तर पंखा बंद पडलाय का, हे मी आधी बघतो. वेळेच्या आकड्यावरून गरम झालेलं मशीन मी असं पकडलेलं आहे. तिथेच रूट डिले आणि रूट डिस्पर्शन असे दोन आकडे असतात. पहिल्याचा निम्मा, त्यात दुसरा, आणि सिस्टिम टाइमच्या ओळीतला फरक मिळवा. तुमची वेळ जास्तीत जास्त किती चुकलेली असू शकेल त्याची ती मर्यादा. "आमची घड्याळं इतकी अचूक आहेत" असं कुणाला लेखी द्यायचं असेल तर हाच आकडा द्या.

तुम्ही न विचारलेल्या दोन-तीन गोष्टी, कारण लॉग जुळवताना त्या आड येतीलच. फरक अर्ध्या किंवा पूर्ण तासांच्या पटीत येत असेल तर एनटीपीला दोष देऊ नका. एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जगभरची एकच प्रमाण वेळ, पोचवतं. तुमच्या ठिकाणची वेळ दाखवणं हे मशीनवरच्या वेळक्षेत्राचं काम. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स आलटून-पालटून वापरत असाल तर विंडोज बॅटरीवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स तिथे यूटीसी आहे असं धरतं, म्हणून दर बदलाला तेवढाच फरक पडतो. लॉग तर सरळ यूटीसीतच लिहा. वाचताना हवं तर बदलून घ्या.

लीप सेकंदाची धास्ती सध्या घेऊ नका. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला १९७२ पासून २७ वेळा यूटीसीत एक सेकंद वाढवला गेला, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. २०१२ च्या ३० जूनला वाढवलेल्या सेकंदाने लिनक्सच्या कर्नलमधला एक दोष उघडा पाडला आणि जगभरची मशिनं विनाकारण शंभर टक्के प्रोसेसर खात बसली, त्यामुळे लोक अजून बिचकतात. २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ मध्ये ठरलेलं आहे. एवढंच सांभाळा की काही मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर तो सेकंद दिवसभरात थोडाथोडा पसरवून देतात. त्यांना आणि साध्या सर्व्हरना एका फाइलमध्ये एकत्र लिहू नका, नाहीतर त्या दिवशी दोन्ही गट एकमेकांना खोटे ठरवतील.

तुमच्याकडे कुणी प्रोग्राम लिहीत असेल तर त्यांना माझा एक निरोप द्या: एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरू नका, त्यासाठी सिस्टिममध्ये मोनोटॉनिक घड्याळ वेगळं असतं. ते कधीच मागे जात नाही, कुणीही उचलून ठेवत नाही. दोन वेळांची वजाबाकी उणे येऊन कोसळलेले प्रोग्राम मी दुरुस्त केलेत, आणि दुरुस्ती दर वेळी एका ओळीची होती.

आधी अंतर्गत सर्व्हर लावा आणि त्याला एक दिवस एकट्याला चालू द्या, म्हणजे त्याची चाल बसेल. मग बाकीची पाच, आणि व्हर्च्युअल मशीन शेवटी. त्याच्याबद्दल माझा अंदाज बॅकअपचा आहे, पण तुमची यंत्रणा मी पाहिलेली नाही. क्रोनीच्या लॉगमध्ये मोठ्या उड्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. आठवडाभराच्या त्या वेळा आणि बॅकअप सुरू झाल्याच्या वेळा शेजारी-शेजारी लिहून पाठवा. जुळल्या तर मेकस्टेपचा तो बदल पुरेल. नाही जुळल्या तर होस्टवर काय चाललंय ते बघावं लागेल, तेव्हा होस्टवरचं ट्रॅकिंगही सोबत जोडा.